रेषा कुठे वाकते ते बघा

२८ एप्रिल १९९२ रोजी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ५७० अंकांनी कोसळला. शेअर दलाल हर्षद मेहता याच्या घोटाळ्याची पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी पाचच दिवसांपूर्वी छापून आली होती. पुढे २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या उंबरठ्यावर, तोच सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला. आकडे ऐकले तर दुसरी घसरण पहिलीच्या जवळजवळ सातपट. पण पैसे गुंतवलेल्या माणसाच्या खिशातून बघा. १९९२ च्या त्या दिवशी शंभर रुपयांमागे १२ रुपये ७७ पैसे गेले, २०२० मध्ये १३ रुपये १५ पैसे. म्हणजे मार बहुतेक सारखाच होता.

आता वीस सेंटीमीटर उंचीच्या कागदावर सेन्सेक्सचा आलेख काढू. तळाला शून्य, माथ्यावर ८० हजार. या कागदावर २०२० ची घसरण एक सेंटीमीटर भरते आणि १९९२ ची जेमतेम दीड मिलिमीटर. पेन्सिलीच्या टोकाखाली ती झाकून जाईल. १९७९ ते १९९२ हा सगळा काळच या आलेखात जमिनीला चिकटून झोपलेला दिसतो आणि उजवीकडे एकदम डोंगर उभा राहतो. वर्तमानपत्रांतून, गुंतवणुकीच्या जाहिरातींतून हा डोंगर आपण इतक्या वेळा पाहिला आहे की बाजार खरा वाढला तो अलीकडच्या काही वर्षांतच, असं वाटायला लागतं.

त्याच वीस सेंटीमीटरमध्ये खुणा वेगळ्या मारू. तळाला १००, त्याच्यावर तिसऱ्या हिश्शाला १,०००, दोन तृतीयांशाला १०,००० आणि माथ्यावर १,००,०००. प्रत्येक दहापटीला सारखीच जागा. या कागदावर १९९२ ची घसरण चार मिलिमीटर आणि २०२० चीही चार मिलिमीटर. डोंगरही गेला, त्याच्या जागी डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, थोडी खडबडीत पण बरीचशी सरळ रेघ आली.

बरीचशीच सरळ, पूर्ण नव्हे. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स १,००० ला टेकला जुलै १९९० मध्ये. तिथून १०,००० ला पोचला फेब्रुवारी २००६ मध्ये. पहिल्या दहापटीला अकरा-सव्वाअकरा वर्षं लागली, दुसरीला साडेपंधरा. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये तो ८०,००० ला पोचला, म्हणजे साडेअठरा वर्षांत आठपटच. चक्रवाढीच्या भाषेत वर्षाला सुमारे साडेबावीस टक्के, मग सोळा, मग बारा. महागाई वजा करून पाहिलं तर ही उतरंड थोडी सौम्य होते, लाभांश धरला तर आकडे थोडे वर सरकतात. पण रेघ उजवीकडे जाता जाता हळूहळू खाली वाकते आहे, हे दिसायचं राहत नाही. साध्या कागदावर जिथे डोंगर सर्वांत उभा होता, तिथेच या कागदावर चढ सर्वांत कमी आहे. दोन्ही आलेख खरेच आहेत. मात्र बचत कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्याला उपयोगी पडेल असा त्यातला दुसराच.

या खुणा मारण्याची रीत म्हणजे लॉगॅरिदम. १०० चा लॉग २, १,००० चा ३, १०,००० चा ४. दहाचा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते, एवढंच तो सांगतो. मधल्या संख्यांनाही असेच घातांक असतात: २ चा लॉग ०.३०१, ५ चा ०.६९९. या दोहोंची बेरीज बरोबर १, कारण दोन पाचे दहा. संख्यांचा गुणाकार झाला की लॉगची बेरीज होते. त्यामुळे दरवर्षी सारख्याच पटीने वाढणारी गोष्ट लॉगमध्ये दरवर्षी सारखीच पायरी चढते, आणि सारख्या पायऱ्यांचा जिना सरळच असतो.

महाराष्ट्रात विज्ञान शाखेत शिकलेल्यांना लॉग म्हटलं की त्या बारीक आकड्यांच्या पुस्तिकेचीच आठवण येते. मँटिसा, कॅरॅक्टरिस्टिक, ‘बार दोन’, शेवटी अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत मूळ संख्या. बारावीच्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे लॉग हे किचकट गुणाकार-भागाकार सोडवायचं साधन आहे, एवढीच समजूत पक्की होते. जन्म त्याचा त्याचसाठी झाला हे खरं. एडिंबरोजवळच्या मर्किस्टनचा जमीनदार जॉन नेपियर याने सुमारे वीस वर्षं खपून १६१४ साली आपली सारणी छापली, ती खगोलशास्त्रज्ञांचे आकडेमोडीत जाणारे तास वाचावेत म्हणून. पुढच्याच वर्षी लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला स्कॉटलंडला गेला, आणि दोघांनी मिळून दहाच्या पायाचे लॉग ठरवले. १६२४ मध्ये ब्रिग्जने हजारो संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. हातानं! तो मूळ उपयोग आता फोनमधल्या कॅल्क्युलेटरने संपवला. वाकडी आकडेवारी सरळ करून बघायचा उपयोग मात्र उरला, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे.

त्याचं सर्वांत देखणं उदाहरण आकाशातलं आहे. योहानेस केप्लरला १६१८ साली ग्रहांचा तिसरा नियम सापडला आणि १६१९ मध्ये तो छापला गेला. ग्रहाच्या फेरीच्या काळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. केप्लरने हा आलेख काढला नव्हता, पण आपण काढू शकतो, तोही पाच मिनिटांत. पृथ्वीचं अंतर १ आणि फेरी १ वर्ष धरली, तर बुधाचं अंतर ०.३८७ आणि फेरी ०.२४१ वर्षाची. गुरूचं ५.२० आणि ११.८६. शनीचं ९.५४ आणि २९.४६. साध्या कागदावर हे बिंदू वर वळत जाणाऱ्या वक्रावर पडतात. वक्र बघून तो वर्गाचा, घनाचा की आणखी कसला, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण वर वळणारे सगळे वक्र डोळ्याला सारखेच दिसतात. सरळ रेषा मात्र डोळा ताबडतोब ओळखतो. म्हणून दोन्ही आकड्यांचे लॉग घ्या. गुरूचे ०.७१६ आणि १.०७४. शनीचे ०.९८० आणि १.४६९. बुधाचे उणे ०.४१२ आणि उणे ०.६१८. कुठल्याही जोडीत दुसऱ्याला पहिल्याने भागा: दीड, दीड, दीड. रेषा सरळ, तिचा चढ दीड, आणि दीड म्हणजे तीन भागिले दोन. घन आणि वर्ग दोघेही त्या एका आकड्यात बसलेले आहेत.

केप्लरला सहाच ग्रह ठाऊक होते. युरेनस सापडला १७८१ मध्ये, नेपच्यून १८४६ मध्ये. नेपच्यूनचं अंतर ३०.०७ आणि फेरी १६४.८ वर्षांची, लॉग १.४७८ आणि २.२१७. पुन्हा दीड.

इथवर बहुतेक पुस्तकं सांगतात. त्यापुढची गंमत अशी, की त्याच कागदावर गुरूचे चंद्रही मांडता येतात. आयो गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे आणि १.७७ दिवसांत फेरी मारतो. कॅलिस्टो १८ लाख ८३ हजार किलोमीटरवर, १६.६९ दिवसांत. या दोघांना जोडणाऱ्या रेषेचा चढही दीडच येतो. पण आकडे ग्रहांच्याच एककांत बदलून घेतले तरी ही रेषा ग्रहांच्या रेषेवर पडत नाही, तिला समांतर आणि तिच्या बरीच वर पडते. चढ नियम सांगतो, आणि दोन रेषांमधलं अंतर मधे कोण बसलं आहे ते सांगतं. ते उभं अंतर लॉगमध्ये १.५१ भरतं. फेरीच्या काळाचा वर्ग येतो म्हणून त्याची दुप्पट करायची, ३.०२. अँटिलॉग सुमारे १,०४७. सूर्य गुरूपेक्षा १,०४७ पट जड आहे, ही गोष्ट आपण कागदावर फूटपट्टी ठेवून मोजली. लॉगच्या आलेखातली रेषा कुठे बसली आहे याकडे फारसं कुणी बघत नाही. चढ काढला की काम झालं, असं समजून वही मिटतात.

कागद दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एकच अक्ष लॉगचा असेल तर तो सेमी-लॉग. सारख्या वेळात सारख्या पटीने वाढणाऱ्या किंवा घटणाऱ्या गोष्टी त्यावर सरळ होतात: मुद्दलावरचं चक्रवाढ व्याज, किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास, भरपूर अन्न मिळालेले जिवाणू. दोन्ही अक्ष लॉगचे असतील तर लॉग-लॉग. केप्लरच्या नियमासारखे घाताचे नियम त्यावर सरळ होतात आणि चढ म्हणजे घातांक. आकडेवारी कुठल्या कागदावर सरळ होते, यावरूनच तिच्या मुळाशी काय चाललं आहे त्याचा अंदाज येतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कॅलरीमीटरमधलं गरम पाणी थंड होताना दर थोड्या वेळाने तापमान लिहायचं असतं. न्यूटनचा नियम असा, की पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितक्या वेगाने ते निवतं. सोयीसाठी आकडे घेऊ. खोली ३० अंशांची. पाणी आधी ९०, मग ६०, मग ४५. या तापमानांचे लॉग घेतले तर १.९५४, १.७७८, १.६५३. पायऱ्या आहेत ०.१७६ आणि ०.१२५, रेषा वाकली. खोलीचं तापमान वजा करून लॉग घ्या: ६०, ३०, १५ चे १.७७८, १.४७७, १.१७६. दोन्ही पायऱ्या ०.३०१. पहिल्या आलेखातला बाक म्हणजे प्रयोगातली चूक नव्हती. हिशेबात काहीतरी धरायचं राहिलंय, असं तो सांगत होता, आणि ते काहीतरी म्हणजे खोली. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र असा बाक खोडरबराने घालवला जातो आणि ‘आलेख सरळ रेषेत आला’ असं छापील वाक्य खाली उतरवलं जातं.

बाकांचं वाचन जिथे खरोखर कसाला लागतं, अशी एक जागा सह्याद्रीत आहे. कोयनेच्या धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि भूकंप जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तेव्हापासून आजपर्यंत त्या परिसरात धक्के थांबलेले नाहीत. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा जगात इतका सलग अभ्यास क्वचितच कुठे झाला असेल. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखांतून एक मोजदाद पुन्हा पुन्हा येते: ५ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप वीस-बावीस, ४ किंवा त्याहून मोठे सुमारे दोनशे, आणि लहान धक्के हजारोंनी. वीस आणि दोनशे. तीव्रता एकाने उतरली की संख्या दहापट.

हा नियम फक्त कोयनेचा नाही. कॅलिफोर्नियात बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४४ मध्ये तो मांडला. भूकंपांच्या संख्येचा लॉग घेऊन तीव्रतेसमोर मांडला तर उतरती सरळ रेषा येते, आणि जगात बहुतेक ठिकाणी तिचा उतार एकाच्या आसपास असतो. मुळात तीव्रता हाच एक लॉग आहे. रिश्टरने १९३५ साली जी मोजपट्टी केली तिच्यात एक अंक वाढला की भूकंपलेखावरच्या रेघेची उंची दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे हा आलेख दिसायला सेमी-लॉग, पण खरा लॉग-लॉग.

कोयनेची रेषा ६ पर्यंत वाढवली तर तेवढ्या मोठ्या भूकंपांची संख्या दोनच्या आसपास यायला हवी. झाला एक. एवढ्या लहान आकड्यांत एक आणि दोन यांत फरक मानायचा नसतो, तेव्हा रेषा खरी ठरली म्हणू. ती ७ पर्यंत ओढली तर? कागदावर पट्टी पुढे सरकवायला कुणी अडवत नाही. पण भूकंप जमिनीतल्या भेगेवर होतो, भेगेला लांबी-खोली असते, आणि एका मर्यादेपलीकडचा भूकंप तिच्यात मावत नाही. त्यामुळे उजवीकडे ही रेषा कुठेतरी कोसळलीच पाहिजे. कुठे, ते आधीच्या बिंदूंना माहीत नसतं. त्यासाठी खडकच बघावा लागतो. कोयना भागात खोल विंधनविवर खणण्याचा खटाटोप केला तो खडकापर्यंत पोचण्यासाठीच.

डावीकडचा बाक वेगळ्या कारणाचा. तीव्रता २, १, अर्धा असे खाली जात गेलो की भूकंपांची संख्या वाढायचं सोडून सपाट होते, मग घटते. पृथ्वी लहान धक्के द्यायची थांबली, असा त्याचा अर्थ नाही. ते धक्के यंत्रांना ऐकू येईनासे झाले, एवढाच. भूकंपलेखकांचं जाळं दाट केलं की बाक आणखी डावीकडे सरकतो. एकाच रेषेच्या दोन टोकांना दोन बाक, एक पृथ्वीचा आणि एक आपल्या उपकरणांचा. ते सारखेच समजून मधून सरासरी रेषा मारणारे संगणक आणि संशोधक दोन्ही असतात.

बाक लवकर ओळखला तर काय मिळतं, याचा नमुना आपल्या जनगणनेत आहे. १९६१ साली देशाची लोकसंख्या ४३.९ कोटी, १९७१ ला ५४.८, १९८१ ला ६८.३, १९९१ ला ८४.६, २००१ ला १०२.९ आणि २०११ ला १२१ कोटी. साध्या आलेखात १९९१ च्या बिंदूपाशी उभं राहिलं तर चित्र भयंकर दिसतं. आधीच्या दशकात साडेतेरा कोटींची भर पडली होती, या दशकात सव्वासोळा. म्हणजे चढ अजून वाढतोच आहे. लॉगच्या कागदावर १९६१ ते १९८१ ही दोन दशकं जवळजवळ एका सरळ रेषेत आहेत, प्रत्येक पायरी ०.०९६ ची. १९९१ ची पायरी ०.०९३. फरक बारीक, पण दिशा बदललेली. पुढची पायरी ०.०८५, त्यापुढची ०.०७१. साध्या कागदाला हा बदल कळायला २०११ उजाडावं लागलं, कारण दशकात पडलेली भर आधीच्या दशकापेक्षा किंचित कमी झाली ती तेव्हाच. आणि ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा निबंधाचा विषय शाळांमधून त्यानंतरही सुटला नाही.

२०२० च्या वसंतात करोनाचे आलेख जगभर लॉगच्या अक्षावर छापले गेले. शंभरावा रुग्ण सापडला तो दिवस शून्य धरायचा आणि ‘दर दोन दिवसांनी दुप्पट’, ‘दर तीन दिवसांनी दुप्पट’ अशा तिरप्या रेषा मागे आखायच्या. साथ आवरते आहे का, हे त्यात आठवडाभर आधी दिसायचं. पण त्याच आलेखात एक हजार मृत्यू आणि दहा हजार मृत्यू यांच्यात बोटभर अंतर असतं. वेग बघायला हा कागद उत्तम. किती माणसं गेली आणि किती खाटा लागतील हे विचारायचं असेल तर साधाच कागद घ्यावा. त्या काळात एकच आलेख दोन्ही प्रश्नांना वापरला गेला आणि बराच गोंधळ झाला.

लॉग-लॉग कागदाचा तर जरा जास्तच धाक बाळगावा, कारण तो क्षमाशील आहे. आडवा अक्ष एखाद्या दहापटीपुरताच असेल तर जवळपास कुठलीही चढती आकडेवारी त्यावर सरळ भासते. प्राण्याचं वजन आणि विश्रांतीत त्याच्या शरीराला लागणारी ऊर्जा यांचा चढ दोन तृतीयांश, असं माक्स रुबनरने १८८३ मध्ये म्हटलं. माक्स क्लायबरने १९३२ मध्ये तो पाऊण काढला. वजन दहापट झालं तर पहिल्या हिशेबाने ऊर्जा ४.६ पट, दुसऱ्याने ५.६ पट. कागदावर हे बिंदू इतके जवळ येतात की उंदरापासून बैलापर्यंत वजनांची लांब रांग लावल्याशिवाय भांडण सुरूही करता येत नाही. आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

काही गोष्टी लॉगला चालतच नाहीत. शून्याला लॉग नाही, ऋण संख्येलाही नाही. पावसाच्या नोंदीत कोरडे दिवस असतात, औषधाच्या चाचणीत ‘आढळलं नाही’ असे नमुने असतात. मग कुणी सगळ्या आकड्यांत एक मिळवून लॉग घेतो, कुणी शून्यं गाळतो. दोन्ही उपाय रेषा हलवतात, विशेषतः डाव्या टोकाला, आणि ते कुठेतरी तळटीपेत लिहिलेलं असलं तर नशीब.

सर्वांत गुपचूप होणारी गफलत परतीच्या वाटेवरची. समजा दोन झाडं आहेत, एकाचं वजन १० किलो, दुसऱ्याचं १,०००. लॉग १ आणि ३, सरासरी २, अँटिलॉग १००. पण वजनांची खरी सरासरी ५०५. लॉगच्या कागदावर मारलेली रेषा बिंदूंच्या मधून नेमकी जात असली, तरी तिचा सरळ अँटिलॉग घेऊन साध्या आकड्यांत उतरलं की सरासरी कमी भरते, आणि बिंदू जितके विखुरलेले तितकी जास्त कमी. जंगलात झाडाच्या बुंध्याचा घेर मोजून लॉग-लॉग सूत्राने त्याचं वजन काढतात, त्या वजनांच्या बेरजेवरून जंगलात किती कार्बन साठला आहे ते ठरतं. वनशास्त्राने ही तूट फार पूर्वी ओळखली आणि ती भरून काढणारा गुणकही ठरवला, बिंदूंच्या विखुरण्यावरून निघणारा. एक्सेलमध्ये अक्षाच्या मेनूत ‘लॉगॅरिदमिक स्केल’वर टिचकी मारली की आलेख क्षणात सरळ होतो, पण हा गुणक त्या मेनूत नाही, तो स्वतः काढून लावावा लागतो.